तांब्याकाकांचा एकच हौद

तांब्याकाका ड्रॉइंगच्या गुंडाळीबरोबर बॅगेत स्टीलचा तांब्या घेऊन हिंडत. मूळचे नागपूरचे, धंद्याने आर्किटेक्ट. ऑकलंडच्या भर सिटीत, दोन उंच अपार्टमेंटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, ते जपानी पद्धतीचं सार्वजनिक न्हाणीघर डिझाइन करत होते. बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच सगळ्यांच्या गरम हौदात उतरायचं. नळ किती उंचीवर हवा, हे ठरवायला काका ऑफिसात स्टुलावर बसून रिकामा तांब्या डोक्यावर उपडा करत. सहकारी हसत. काका म्हणत, "हसू दे. न बसता कागदावर काढलेली आंघोळ चुकतेच."

आमची ओळख भांडणातली. ऑकलंडच्याच ओटाहुहु स्टेशनबाहेर मी पत्रकं वाटत होते : 'लोक गाड्यांत झोपतात आणि यांना जपानी आंघोळ हवी!' काकांनी उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं.

"काऊन गं पोरी, गाडीत झोपणारा माणूस आंघोळ कुठं करतो, ते लिहाचं राहूनच गेलं ना?"

त्या प्रश्नापायी मी त्यांच्या ऑफिसात जाऊ लागले.

पुढे न्हाणीघराच्या मालकाने जादा पैसे भरणाऱ्या मेंबरांसाठी वेगळा हौद आणि वेगळं दार मागितलं. काका मऊ माणूस, नकारही माफी मागून देणारे. "सॉरी, हौद एकच." एवढा हट्ट का, मी विचारलं. तांब्या पुसत म्हणाले, "माझ्या बापाला गावात पाणी वरून ओतत, ओंजळीत. तांब्याला हात लावू देत नव्हते. माझ्या हातून दुसरं दार नाही निघत."

काम त्यांच्याकडून काढून घेतलं. मी पेटले. 'एकच हौद' नावाचं पत्रक काढलं. सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानांपासून पेनरोजच्या कारखान्यांपर्यंत सह्या गोळा केल्या. मालक नमला, वेगळा हौद रद्द झाला. काकांना मात्र कुणी परत बोलावलं नाही, त्यांचं नावही कुठे लावलं नाही. हा राग मी सोडलेला नाही, सोडणारही नाही.

काका शांतपणे नागपूरला परतले. एअरपोर्टवर तांब्या माझ्या हातात ठेवला. "कपाटात नको ठेवू. वापरजो."

न्हाणीघर उघडलं त्या आठवड्यात मी टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालून स्टुलावर बसले. नळ अगदी हाताशी आला. शेजारी पेनरोजची शिफ्ट संपवून आलेली एक थोराड बाई. तांब्याकडे बघून हसली, माओरीत नमस्कार केला. "किया ओरा! मस्त आहे गं. मला देतेस जरा?"

मी उत्साहाने तांब्या भरला आणि वरून तिच्या डोक्यावर ओतायला उचलला. हात तिथेच थांबला.

तांब्या खाली घेतला, आणि तिच्या हातात दिला.