सीनेकाठची जुनी नाव

रस्त्यावर डांबर उकळू लागलं, की मला परंड्याकडचा सीनेचा काठ आठवतो. निजामाचं राज्य होतं, आमचं लग्न नवं होतं. मासे धरायला आणि नदीपल्याड माझ्या माहेरी जायला आम्ही म्हाताऱ्या रसूलचाचांची जुनी नाव बघत होतो.

बुडाच्या एका फळीवर ताजं डांबर फासलेलं. मी बोट दाबलं, ते खालच्या मऊ पडलेल्या लाकडात गेलं.

"चाचा, ह्या कुजक्या नावेचे तीस? वीसच देऊ."

चाचा मान खाली घालून "बरं" म्हणाले. तेवढ्यात आमचे मालक बोलले, "न्हाय चाचा, पंचवीस घ्या. नाव लई गुणी हाय."

मी कपाळावर हात मारला. तरातरा पुढे चालत घर गाठलं.

सकाळी चाचा खांद्यावर नवी फळी घेऊन दारात हजर. दिवसभर खपून त्यांनी ती नावेच्या कुजक्या फळीच्या जागी बसवली. मी रागातच त्यांना शिळी भाकरी वाढली. आज वाटतं, निदान गरम तरी वाढायची होती.