इंटरप्टात गजाली नाय

शुक्रवारी दुपारी मोहनबाब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले तेव्हा मी मुद्दाम मान वर केली नाही. ते कशाला आलेत हे मला ठाऊक होतं. गेली नऊ वर्षं ते त्याच एका कामासाठी प्रत्येकाच्या टेबलाशी येत होते.

"बाय, जाला?"

"जाला."

"सगळी जोडून दाखय बगया."

त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं, बाहेर पर्वरीच्या रस्त्यावर खोदकाम चाललं होतं, आणि मी वैतागले होते. म्हटलं, "मोहनबाब, इतकी वर्सां जाली. अजून माझ्यार विश्वास नाय तुमचो?" त्यांनी चष्मा पुसला. "आसा गो. तरी बगतंय," म्हणाले. मी एकेक वायर आदळत-आपटत जोडली, यंत्र चालू केलं, त्यांनी दोन मिनिटं शांतपणे पडद्याकडे पाहिलं, मान हलवली आणि हेल्मेट उचलून निघाले. सोमवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन बसतेय तोच शेजारच्या टेबलावरचा आंतोन उठून माझ्याकडे आला. चोपड्याहून, त्यांच्या घरून, फोन आला होता. मोहनबाब पहाटे झोपेतच गेले होते... अठ्ठावन्नाव्या वर्षी, आदल्या रात्री पोटभर जेवून, कुणाला त्रास न देता. "विश्वास नाय तुमचो?" हे मी त्यांच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ठरलं.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. मोहनबाब कोण होते ते आमच्या ऑफिसाबाहेर फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही. दवाखान्यात खाटेच्या उशाशी नाडीचे ठोके, श्वास, रक्तातला प्राणवायू दाखवणारं यंत्र असतं ना, तशी यंत्रं आमची लहानशी कंपनी बनवते. त्या यंत्राच्या पोटात एक प्रोग्रॅम सतत कारभार पाहत असतो. कोणाचं काम आधी, कोणाचं नंतर, हे तो ठरवतो. त्याला कर्नल म्हणतात. आमचं कर्नल मोहनबाबांनी लिहिलेलं. त्यातही त्यांचा जीव होता तो इंटरप्टवर. म्हणजे असं, की नाडीच्या सेन्सरला ठोका लागला की तो प्रोसेसरला हाक मारतो; प्रोसेसर हातातलं काम तिथेच सोडून हाकेला ओ देतो, आणि परत कामाला लागतो. ही हाक म्हणजे इंटरप्ट, आणि ओ देणारा प्रोग्रॅमचा तुकडा म्हणजे हँडलर. ऐकायला सोपं आहे. पण हाका मारणारे दहाजण असतात आणि ओ देणारा एकच.

मी डिचोलीहून नवी नवी नोकरीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मोठ्या हौसेने एक हँडलर लिहिला. हिशेब, तपासणी, सरासरी, सगळं त्यातच. मोहनबाबांनी तो वाचला आणि पुढच्या खुर्चीवर बसून मला एकच गोष्ट विचारली. "तुजी आवय भाकरी थापता. तवो तापलोसा. दारात पदेरान भोंपू वाजयलो. ती काय करता?"

मी म्हटलं, "जाता आनी पाव घेता."

"मगे?"

"परत येता."

"पदेराच्या सुनेक दीस गेलेत काय, ता इचारीत रवता?"

"नाय. भाकरी करपतली."

"तर मगे," ते म्हणाले, "पाव घेवचो, पाटल्यात टाकूचो आनी चुलीकडे येवचा. गजाली दनपारच्यो. इंटरप्टात गजाली नाय." पदेर म्हणजे पाववाला, गजाली म्हणजे गप्पा. आमच्या ऑफिसात हे वाक्य पुढे म्हणीसारखं झालं. मीटिंग लांबली की कुणीतरी ते हळूच म्हणायचंच. माझा हँडलर त्यांनी शंभर ओळींवरून नऊ ओळींवर आणला. उरलेलं सगळं काम मागून, सवडीने करणाऱ्या भागात गेलं. मला राग आला होता, आणि तो टिकला नाही, कारण यंत्र खरंच सुतासारखं सरळ चालायला लागलं.

ते मूळचे वास्कोच्या बंदरात बोटींवरचे रेडिओ दुरुस्त करायचे. तिथून शिकत शिकत इथवर आलेले. इंग्रजी त्यांना उत्तम वाचता यायचं पण लिहायचा कंटाळा, म्हणून प्रोग्रॅममधल्या नोंदीही ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. बाहेरगावचे पाहुणे आले की आंतोन त्या नोंदी लपवायच्या खटपटीला लागायचा. मोहनबाब म्हणायचे, "वाचूदेत. शिकतले." चोपड्यातल्या नदीकाठच्या घरातून रोज स्कूटरने यायचे, आणि काजूच्या दिवसांत त्यांच्या डब्यातली ओल्या काजूंची भाजी पाच जणांत वाटली जायची. कधी कुणावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वीची चतुर्थी. आमच्याकडे चवथ म्हणजे ऑफिसं, दुकानं, सगळं आपोआप ओस पडतं. थांब म्हटलं तरी माणूस थांबत नाही. त्याच आठवड्यात आमची चाळीस यंत्रं वास्कोच्या गोदामात जायची होती, सुट्टी संपताच पुढे रवाना व्हायला. आणि नाडीच्या सेन्सरचा एक ठोका मधूनच हरवत होता. काम माझं होतं. का हरवतो ते पाहायला मी हँडलरमध्ये एक ओळ घातली, की ठोका आला की तसं छापून दाखव. ओळ घातली आणि दोष गायब. ओळ काढली की दोष परत. या धंद्यातली माणसं हे वाचून हसतील, कारण हा फसवा दोष प्रत्येकाला एकदा तरी भेटतो. सेन्सर हाक मारायचा, पण त्याचा आकडा तयार व्हायला एक निमिष लागायचं. माझा हँडलर त्याआधीच वाचून मोकळा व्हायचा. छापायला जो वेळ जायचा तेवढ्यात आकडा तयार व्हायचा, इतकंच. खरा उपाय निराळा होता आणि तो करायला मला दोन दिवस लागले असते. आणि छापणं म्हणजे तर हँडलरमध्ये बसून गजाली मारणं. सगळे सेन्सर जोडले आणि हाका एकदम आल्या तर बाकीचे ताटकळणार, धोक्याची घंटासुद्धा.

हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण दुसऱ्या दिवशी चवथ होती. भाऊ बोटीवर, आईचा हात मुरगळलेला, आणि गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी बांधायला घरात मी एकटी. कवंडळं, घागऱ्यो, आंब्याचे टाळे डिचोलीच्या बाजारात सकाळीच संपतात म्हणून आईचे तीन फोन येऊन गेले होते. आमच्याकडे कुठलाही बदल दुसऱ्या माणसाच्या संमतीशिवाय पुढे जात नाही. माझ्या बदलाला संमती द्यायचे मोहनबाब, आणि ते तेव्हा पेडण्याच्या बाजारात माटोळीचंच सामान घेत होते. तिथूनच त्यांनी फोन केला. मागे नुसता गलबला.

"बाय, ती छापूची ओळ काडलंस मगे?"

"काडली," मी म्हटलं.

"सगळी जोडून बगलंस?"

"बगली."

"बरां. मगे मी हयसून हो म्हणतंय. चवथ बरी कर."

मी ओळ काढली नव्हती. सगळी जोडूनही पाहिली नव्हती. दोन्ही खोटं, आणि दोन्ही इतक्या सहज तोंडातून गेली की माझं मलाच नवल वाटलं. गाडी भरून वास्कोला गेली, मी डिचोलीची बस पकडली. त्या वर्षीची माटोळी सुरेख झाली होती. शेजारीपाजारी बघायला आले. मी मात्र आरतीला उभी राहिले की मनात चाळीस यंत्रं मोजत होते.

परत आल्यावर पहिलं काम तेच करायचं असं ठरवून आले, तर मोहनबाबांनी मला पडद्याच्या कामावर घातलेलं. सेन्सरची फाईल माझ्याकडे राहिली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. यंत्रांबद्दल तक्रार आली नाही; महिना गेला, वर्ष गेलं, तरी आली नाही. ती फाईल उघडून पाहायला कुणी मला अडवलं नव्हतं. पण मी ती उघडली नाही. झाकली मूठ म्हणतात, तसं. दवाखान्यात कुणाला भेटायला गेले की मात्र आधी खाटेच्या उशाशी यंत्र कोणतं आहे ते पाहायची, आणि आमचं असलं तर पेशंटकडे माझं लक्षच लागायचं नाही.

त्याच सुमारास मोहनबाबांना ती खोड लागली. झालं म्हटलं की "दाखय". आधी ते असे नव्हते. शब्दावर हो म्हणणारा माणूस. वय झालं, संशयी झाले, असं आम्ही म्हणायचो. त्यांच्या फेरीला 'पंचनामा' हे नाव मीच ठेवलं. ते लांबून येताना दिसले की मी आंतोनला म्हणायची, "पंचनाम्याक येतत रे," आणि सगळे हसायचे. त्यांच्याही कानावर ते गेलं असणार. तरी त्यांची फेरी चुकली नाही.

मधल्या काळात त्यांना सांगून टाकावं असं अनेकदा वाटलं. एकदा तर म्हापशाला एका हॉटेलात समोरासमोर बसलो होतो, भाजी-पाव संपला, चहा आला, आणि मी "मोहनबाब, एक सांगपाचा आसा" इथवर आले होते. ते वाट पाहत राहिले. घाई केली नाही. मी रजेचं काहीतरी बोलले... ते "घे गो रजा" म्हणाले आणि चहा प्याले.

त्यांचे दिवस झाल्यावर तीनेक आठवड्यांनी मी आणि आंतोन चोपड्याला गेलो. त्यांची बायको, सुलभावयनी, ओसरीवर बसल्या होत्या. रडून झालेलं होतं. आता त्यांना बोलायचं होतं. माणूस कसा घरातलं सगळं वेळच्या वेळी करायचा, बाजारात गेला की कसा काही विसरायचा नाही, असं सांगता सांगता त्या थांबल्या. "एकच वर्सा चुकले," म्हणाल्या. "चवथीच्या दुसऱ्या दिसा. आमचो गणपती दीड दिसाचो, सांजेक पोचवूचो. आनी हे सकाळी उठान ऑफिसात गेले, थयसून वास्कोक. मोठ्या भावान पोचयलो गणपती. मी दोन दीस तेंच्याशी बोलूक नाय."

"कित्याक गेले?" आंतोनने विचारलं.

"सांगूक नाय. काम रवलासा म्हणाले. चवथीच्या दिसांनी खंयचा काम ता?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नव वर्सां जाली आसतली. तुका म्हायती आसात, मेधाबाय. तू होतंस मगे?"

मी माहीत नाही म्हटलं. तेही खोटंच झालं, कारण तोवर ते कोणतं काम ते माझ्या ध्यानात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या ती फाईल उघडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. माझी छापायची ओळ तिथे नव्हती. तिच्या जागी मोहनबाबांचा हँडलर होता, सहा ओळींचा, नेहमीसारखा नीटस. हाक टिपून ठेवायची आणि निघायचं, आकडा वाचायचं काम मागच्या भागात. तारीख चवथीच्या दुसऱ्या दिवसाची. शेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी नोंद. सगळे सेन्सर जोडले तर घंटा उशिरा वाजते, म्हणून बदल केला. वास्कोतल्या चाळीसही यंत्रांवर हाच प्रोग्रॅम आज स्वतः चढवला. त्याखाली चाळीस नंबर, एकाखाली एक. आणि शेवटी, "तपासल्याशिवाय संमती दिली. चूक माझी."

माझं नाव कुठेच नव्हतं. मी खालपर्यंत शोधलं.

मला फार लाज वाटली. ती अजून गेलेली नाही, आणि जावी असंही वाटत नाही. ते मला का बोलले नाहीत याची कारणं मी लावू पाहते. सांभाळून घेतलं असेल, मी आपणहून सांगेन म्हणून थांबले असतील. पण मला आता वाटतं तसं काहीच नसेल. त्यांनी आपली चूक लिहिली होती, अक्षरशः, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून पुढची नऊ वर्षं ते प्रत्येक टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांना संशयी मी केलं होतं, आणि त्यावर टोपणनावही मीच ठेवलं होतं.

मी आंतोनला सगळं सांगितलं. दुपारी बाकीच्यांनाही, उभी राहून. मग सुलभावयनींना फोन केला. "म्हणजे तुज्यासाठी गेलेले," एवढंच म्हणाल्या, आणि मग आई कशी आहे ते विचारलं.

आमच्याकडे जुनी नोंद कुणाला खोडता येत नाही, नवी घालता येते. त्या सहा ओळींच्या वर मी लिहिलं, की दोष मी ठेवला होता, विचारल्यावर खोटं सांगितलं होतं, चूक माझी होती. खाली नाव घातलं आणि पुढे पाठवलं. शब्दांचा असो की आकड्यांचा, बदल म्हणजे बदल. त्याला दुसऱ्याची संमती लागतेच, आणि ती फाईल ज्याच्याकडे आहे त्याचं नाव संगणक आपणच घालतो. पडद्यावर मोहनबाबांचं नाव आलं. काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आंतोन मागे उभा होता. "बदलूं नांव?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, राहूं दे थोडे दीस. दोन आठवडे झाले त्याला. रोज सकाळी मी ते पान उघडून पाहते. त्यांच्या नावापुढे 'पाहिलेले नाही' असं लिहिलेलं असतं.