एका वेताची आठ पिल्लं

पुण्यात काय करते असं केनवडमध्ये कुणी विचारलं, की वैभवी सरळ सांगायची, उंदीर सांभाळते. समोरचा हसायचा. रिसोडला बी.एस्सी. केली ती उंदरं पाळायला का, शेतात काय कमी आहेत? तीही हसून सोडून द्यायची. या खेपेला मात्र ती घरी आली ती फणफणतच. धाकट्या भावाच्या, हरीओमच्या बायकोला सातवा लागला होता, ओटीभरण ठरलं होतं, आणि आईनं, म्हणजे गोमतीबाईनं, फोनवरच फर्मान काढलं होतं की थोरल्या सुनेनं ओटी भरायची नाही. वर्षाराणीनं स्वयंपाक करावा, पानं वाढावीत, आणि ओटीच्या वेळी आत बसावं. राबायला तिचे हात चालतात, ओटीला चालत नाहीत!

कारण काय, तर वर्षाराणीची ईश्वरी. पोरगी तीनाची होत आली, पण डोकं लहान राहिलेलं, मान आत्ता कुठे धरायला लागलेली, दिवसातून दोनदा झटके. हे कशानं झालं याचा निकाल घरानं केव्हाच लावून टाकला होता. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण लागलं, तेव्हा पोटुशी वर्षाराणी विळीवर कोहळं चिरत होती. झालं, गुन्हा शाबीत.

वैभवीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो इथेच. ती ज्या संस्थेत काम करते तिथे हाच प्रश्न उंदरांच्या मदतीनं सोडवतात, की आईच्या पोटात मेंदू घडताना कोणतं जनुक काय काम करतं. एखादं जनुक सगळ्या शरीरातून काढून टाकलं तर पुष्कळदा पिल्लू पोटातच मरतं आणि काहीच कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. काही उंदरांमध्ये त्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना खुणा करून ठेवायच्या. दुसऱ्या काही उंदरांमध्ये एक कात्री घालायची, जी फक्त मेंदूच्या पेशींतच चालते आणि त्या खुणांपाशी जनुक कापून टाकते. मग त्यांची जोडी लावायची. पुढच्या पिढ्यांत ज्या पिल्लाला खुणाही मिळतात आणि कात्रीही, त्याचं बाकी अंग धड असतं, मेंदू तेवढा लहान राहतो. वैभवी पिंजऱ्यांतला भुसा बदलते, पिल्लांच्या कानाचा कणभर तुकडा तपासणीला देते, पिंजऱ्यांना चिठ्ठ्या लावते. एका वेताला आठ पिल्लं झाली, तर दोघांची डोकी लहान निघतात आणि सहा टणाटण उड्या मारतात. आई तीच, पिंजरा तोच, दाणा तोच, जन्माचा दिवससुद्धा तोच. मग आईनं काय केलं म्हणायचं?

ईश्वरीच्या रक्ताची तपासणी वैभवीनंच करून आणली होती. बिघाड अशाच एका जनुकात निघाला, आणि त्याची एक प्रत वर्षाराणीकडून आलेली, दुसरी भागवतकडून. भागवत म्हणजे वर्षाराणीचा नवरा, वैभवीचा थोरला भाऊ. हे तिनं आईला चार वेळा समजावलं. उंदरीनं कोणतं ग्रहण पाह्यलं, असंही विचारून झालं. गोमतीबाईनं अहवाल डब्याखाली सारला आणि म्हणाली, "उंदराची गोष्ट मानसाले लावून राह्यली का तू? अन् माह्या पोराचं नाव त्यात आनू नको." भागवतनं तर मान वर करून पाहिलं नाही. बापाचा वाटा निम्मा, बोलणी मात्र पुरी बायकोला. वैभवीला त्याची लाज वाटली.

पण तिला त्याहून जास्त लाज स्वतःची वाटत होती. त्या दिवाळीत ती घरी आली होती. कोहळ्याची बोंडं, म्हणजे गोड भजी, खायची म्हणून तिनंच हट्ट धरला होता. गोमतीबाई ग्रहणाच्या जपाला मंदिरात गेलेली. वर्षाराणी म्हणाली, ग्रहण सुटू द्या ताई, आणि हिनं तिच्या भोळेपणाची टर उडवून उरलेलं अर्धं कोहळं तिच्यापुढे ठेवलं. बोंडं हादडून दुसऱ्या दिवशी ही पुण्याला गेली. वर्षाराणीनं तीन वर्षं सगळं ऐकून घेतलं, पण नणंदेचं नाव एकदाही घेतलं नाही. आणि वैभवी तरी काय मोठी शहाणी! ग्रहणानं काही होतच नाही, मग कोणी चिरायला लावलं हे कशाला सांगायचं, असं शास्त्र तिनं स्वतःपुरतं मांडलं होतं.

ओटीच्या दिवशी दुपारी ओसरी बायकांनी भरली. हरीओमची बायको पाटावर बसली. गोमतीबाईनं खण, नारळ, गव्हाचं ताट पुढे केलं आणि वर्षाराणी कुणी न सांगता ईश्वरीला घेऊन उठून आत निघाली. ते तिचं गुमान उठणं वैभवीला सहन झालं नाही. मुद्देसूद बोलायचं असं ती ठरवून आली होती, पण तोंडून निघालं ते भलतंच.

"वहिनीनं कोहळं मनानं नाही चिरलं. ते नाही म्हनत होती. म्या चिरायले लावलं."

पुढचं वाक्य वैभवीच्या जिभेवर होतं, की चिरल्यानं काही होत नाही, चूक कुणाचीच नाही. तेवढ्यात गोमतीबाई सुनेकडे वळली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"वर्षे, सांगितलं काहून नाही वं? ये, तू भर ओटी." आणि लेकीकडे न बघता म्हणाली, "तू मांगं सरक."

बायकांनी माना डोलावल्या. एवढी उंदरं, एवढे अहवाल, त्यातलं अक्षर या घराच्या गळी उतरलं नव्हतं. हे एका दमात उतरलं. वैभवी ते जिभेवरचं वाक्य बोलणारच होती. वर्षाराणीनं ईश्वरीला तिच्या मांडीवर दिलं, पदर सावरला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा चार बायकांसमोर ओटीच्या ताटाला हात लावला. आता तोंड उघडून जनुकाचं काढलं, तर बोट पुन्हा वर्षाराणीकडे वळून ते ताट तिच्या हातून जाणार होतं. वैभवी पोरीला घेऊन मागे भिंतीशी सरकली आणि गप्प बसली.