माझ्या गळ्यातली आडवी गाठ

गाठ माझ्या गळ्यात, पण सापडली बायकोला. वांग्याच्या वाफ्यापाशी उभा राहून मी तांब्या उंच धरून पाणी पीत होतो. ती म्हणाली, "अवो, तुमच्या गळ्यात काय खालीवर होऊन राह्यलं?"

"कंठ हाये. माणसाले असते."

"कंठ मधात असते. हे बाजूले हाये."

मानोऱ्याच्या डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासलं. थायरॉईड ठीक निघालं. पण गाठ साधी की कॅन्सरची हे रक्तावरून कळत नाही, वाशीमला सोनोग्राफी करून या, म्हणाले. कॅन्सर हा शब्द ऐकल्यापासून मी घरात फार शूर झालो. म्हणजे जेवण कमी आणि बोलणं जास्त.

सोनोग्राफीचा मला दांडगा अनुभव. सुनेच्या बाळंतपणात तिला ऑटोत बसवून बळेबळे पाणी पाजणारा मीच. लघवी तुंबल्याशिवाय मशीनला काही दिसत नाही, हे आमच्या घरात मीच शिकवलेलं. म्हणून वाशीमच्या एसटीत मी एक बाटली संपवली, मग दुसरी. सेंटरमध्ये बाकांवर सगळ्या गरोदर बाया, आणि त्यांत सगळ्यांत जास्त अवघडलेला मी. बायको शेजारी बसलेल्या बाईला सांगत होती, "ह्यायले नववा लागला."

शेवटी पाय आवळत काउंटरवर गेलो. "ताई, मले आधी घ्या. आता धरवत नाई."

तिने चिठ्ठी पाहिली. "काका, तुमची तर मानेची आहे. पाणी प्यायला कोणी सांगितलं?"

"कोन सांगते त्यायले?" मागून बायको. "तेच सगळ्यायले सांगतात."

मोकळा होऊन आलो. आत खांद्याखाली उशी, मान मागे, गळ्यावर थंडगार जेल. डॉक्टरीणबाई गळ्यावरून यंत्र फिरवत होत्या आणि बायको माझ्या पायाशी उभी राहून त्यांना माझं घोरणं ऐकवत होती. मग यंत्र एका जागी थांबलं. जरा पुढे गेलं, परत तिथेच आलं. बाई काहीतरी मोजू लागल्या. आणि बायकोचं बोलणं बंद झालं. इतक्या वर्षांच्या संसारात मला ते कधी जमलं नव्हतं. मान वळवता येत नव्हती. फक्त तिचा हात माझ्या पावलावर आल्याचं कळलं.

"गाठ आहे," बाई म्हणाल्या, "पण आतून स्पंजसारखी आहे, बारीक पोकळ्यांची. कडा गुळगुळीत आहेत. पांढरे कण नाहीत. आणि उभी नाही, आडवी आहे. ही सगळी चांगली लक्षणं. सुई टोचून तपासायची गरज मला वाटत नाही. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा. वर्षभराने पुन्हा बघू."

"म्हंजे कॅन्सर नाई?"

"तसं काही दिसत नाही."

"ह्यायचीच गाठ हाये मंग," बायको म्हणाली. "कवाबी पाहा, आडवीच." पण दारातून मागे फिरून तिने बाईंना परत विचारलं, "नक्की ना, म्याडम?"

बाहेर आल्यावर मी स्टँडकडे निघालो, तर ती बाकावर बसली. "थांबा जरा. पाय कापून राह्यले."

आता चिडवायची पाळी माझी होती. पण मी तिच्या शेजारी बसलो. तिने पदराने माझ्या गळ्यावरची राहिलेलं जेल पुसली, चारचौघांत.

"असे काय पाह्यता? च्या पाजा. भ्याले तुमी, अन् पाय माह्ये कापून राह्यले."