भागिले तीन



हडपसरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी अकरावीला गणित शिकवत होते. निकाल हातानेच लावायचे. कॉम्प्युटर उघडून बसणाऱ्यांना सरळ विचारायचे, "पाढे येत नाहीत वाटतं?" तीन परीक्षांचे टक्के, त्यांची बेरीज, भागिले तीन. वर्षानुवर्षं हात बसलेला.

त्या वर्षी नियम बदलला. घटक चाचणीला वीस टक्के भार, सहामाहीला तीस, वार्षिकला पन्नास. फळ्यावर मीच लिहून दिलं, भारित सरासरी कशी काढतात तेही समजावलं. मग एप्रिलमध्ये गुणांचे कागद पुढ्यात आले आणि हाताने आपलं जुनंच केलं. भागिले तीन!

त्यात कात्रजहून स्वारगेटला बस बदलून येणारी एक मुलगी नापास झाली. सरासरी एकतीस, पास व्हायला पस्तीस हवेत. तिची आई भेटायला आली. "मॅडम, एकदा परत बघता का?" मी फटकन म्हटलं, "अहो, कितीदा बघितलं तरी एकतीसचे पस्तीस होत नसतात." बाई उठून गेल्या. जूनमध्ये मुलगी पुन्हा अकरावीला, माझ्याच वर्गात येऊन बसली.

दिवाळीनंतर नव्याने आलेल्या एका सरांनी नमुना म्हणून माझा गेल्या वर्षीच्या निकालाचा तक्ता मागितला. थोड्या वेळाने चाचरत म्हणाले, "मॅडम, यात भार कुठे धरलाय?" मी तक्ता त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. त्या नापास मुलीचीच ओळ आधी काढली. चाचणीला तापातून उठून आली होती, दहा टक्के. सहामाहीला पस्तीस. वार्षिकला अठ्ठेचाळीस. भार लावले: दोन, साडेदहा, चोवीस. साडेछत्तीस. अरे देवा! पुन्हा केलं. साडेछत्तीसच. पोरगी पास होती हो, पास! बाकी कुणाचं पास-नापास बदलत नव्हतं, पण त्याने मला काडीचंही बरं वाटलं नाही.

प्राचार्यांकडे जाऊन चूक कबूल केली. ते कपाळाला हात लावून बसले. गेलेलं वर्ष कुठून आणून देणार होतो आम्ही?

तिला मी व्हरांड्यात बोलावलं. "तू पास होतीस गं. माझं चुकलं." मला वाटलं रडेल, निदान चिडेल तरी. ती खाली बघत म्हणाली, "साडेछत्तीस ना, मॅडम? मी तेव्हाच घरी काढले होते, तुम्ही शिकवलं तसे. म्हणून तर आईला पाठवलं होतं."

"मग पुढे बोलली का नाहीस?"

"आई म्हणाली, मॅडमनी नीट बघितलंय, तूच चुकली असशील. मग मलाही पटलं, मला गणित येत नाही."