बांधून राहिलो

माझी धाकटी जाऊ नागपूरला लागून असलेल्या आमच्या बेसा गावच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली, त्या दिवशी मी पाटोडीची भाजी केली होती. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली, फक्त माझ्याच घशाखाली उतरली नाही. डी.एड. मीही केलं होतं, आणि तिच्या आधी केलं होतं. पण लेक झाली, मग सासूबाईंचं आजारपण आलं, आणि माझं सर्टिफिकेट कपाटात साड्यांखाली गेलं. ही पुण्याहून लग्न होऊन आली, वरच्या मजल्यावर संसार मांडला आणि बघता बघता शाळेची मोठी मॅडम झाली. गेटवर बायका मला सांगत, "तुमची जाऊबाई काय मस्त बोलते वं!" मी हसून घ्यायची. आतून नुसता जळफळाट.

बोलायची मस्त, हे खोटं कशाला म्हणू. एकदम इस्त्री केलेली भाषा. नवी नवी आली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "फ्रिजमधला सांबार आण." तर ती म्हणाली, "इडल्या केल्यात का ताई?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तिला कोण सांगणार? आम्ही सगळे पोट धरून हसलो. तीही हसली, आणि तिचं ते हसणंच सगळ्यांना जास्त आवडलं. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी मोकळी हाय हो." मला इतक्या वर्षांत कधी असं काही म्हणाल्या नव्हत्या.

तेही मी गिळलं असतं. पण माझी लेक! ती तेव्हा आठवीत, त्याच शाळेत. घरी आली की दप्तर खाली आणि ती वर. जेवताना "काकू म्हणते", झोपताना "काकूनं सांगितलं". मी पोहे करून वाट पाहत बसायची आणि वरून दोघींचं खिदळणं ऐकू यायचं. एकदा न राहवून विचारलं, "माझ्याजवळ काहून नाही बसत वं अभ्यासाले?" ती सहज म्हणाली, "तुले आता हे गणित येत नाही ना, आई." म्हणजे मी फक्त पोह्यांपुरती. अंगाचा असा तिळपापड झाला की बाप्पा, विचारू नका.

शाळा आठवीपर्यंतच होती. इकडे बेसा असा फुगला, की काल तुरीचं वावर होतं तिथे आज फ्लॅट स्कीम. एकेका बाकावर पोट्टे दाटीवाटीनं बसलेले. नववी सुरू करायची तर नव्या खोल्या पाहिजेत, खोल्या नसतील तर परवानगी नाही. म्हणून संस्थेनं ठरवलं, सगळ्या पालकांकडून इमारत निधी घ्यायचा. मला त्यात एकच दिसत होतं. खोल्या झाल्या तर माझी लेक दहावीपर्यंत तिथेच, काकूच्या पदराखाली. नाही झाल्या तर तिला सीताबर्डीच्या शाळेत घालायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मेट्रोनं मी सोडून देईन, मीच घेऊन येईन, येताना व्हरायटी चौकात दोघी काहीबाही खाऊ. माझी पोरगी माझ्याजवळ येईल.

आता विरोध काही माझ्या एकटीच्या पोटदुखीतून निघाला नव्हता. संस्थेच्या सचिवांनी मागे ग्रंथालयासाठी म्हणून निधी घेतला होता. ग्रंथालय काही दिसलं नाही. गेटवर कमान मात्र उभी राहिली, तिच्यावर त्यांच्या वडिलांचं नाव. हिशेब मागितला की म्हणायचे, "दाखवू ना, पळून थोडीच चाललो." लोक आधीच भडकलेले होते. मी रोज गेटवर उभी राहून फक्त विचारायची, "पण काहून द्यायचे?"  ऐकणारे तेच दुसऱ्याला जाऊन विचारायचे.

शनिवारी शाळा सुटल्यावर पालकांची सभा ठेवली. टिनाच्या शेडमध्ये दोन कूलर घरघरत होते, वारा पहिल्या रांगेपुरता. सचिव मोठे बेरकी. लोकांचे चेहरे पाहिले आणि स्वतः मागे सरकून म्हणाले, "मॅडमच सांगतील." माझी जाऊ उठली. आणि बाई नागपुरीत बोलायला लागली! लोकांना आपली वाटावी म्हणून तयारी करून आली होती. शिकली कोणाकडून? माझ्या लेकीकडून. वर संध्याकाळी जे खिदळणं चालायचं ते ह्याचंच होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

"तुमी सारे आपलेच लोक हाय," ती म्हणाली. लोक खूश. कोणी टाळीही वाजवली. मला वाटलं, आता ही जिंकते. मग ती जोरात म्हणाली, "जूनच्या आत नववी चालू करायची हाय, म्हणून आमी नव्या खोल्या बांधून राहिलो!"

तिला म्हणायचं होतं, बांधणार आहोत. पण आमच्याकडे बांधून राहिलो म्हणजे बांधतो आहोत, आत्ता, या घडीला. जेवून राहिलो म्हणजे घास तोंडात आहे. त्यात शाळेच्या मागे कंपाउंडच्या भिंतीसाठी आणलेल्या विटांचा ढीग पडलेला, येताना सगळ्यांनी पाहिलेला. 

हिंगण्याच्या फॅक्टरीतून ड्युटी करून थेट आलेला एक बाप उभा राहिला. "म्हणजे काम चालू बी करून टाकलं? मंग आमाले कायले बोलावलं?"

"नाही, नाही, अजून सुरू व्हायचंय," जाऊ गडबडली. घाबरल्याबरोबर पुण्याची भाषा परत आली. "म्हणजे आपण बांधणार आहोत."

"आता काहून पलटून राहिल्या मॅडम? आताच तर म्हटलं!"

मग काय, सगळा गलका. विटा कोणी आणल्या, ठेका कोणाला दिला, कमानीचे पैसे कुठे गेले. सचिव छताकडे पाहत बसले. जावेनं गर्दीतून मला शोधलं. ती हे बोलणं माझ्या लेकीकडून नुकतंच उचलून आली, हे त्या शेडमध्ये मोठ्यांपैकी मलाच ठाऊक होतं. "ताई," ती म्हणाली, "तुम्ही सांगा ना यांना, मला काय म्हणायचंय ते." दाराशी मैत्रिणींसोबत उभी असलेली माझी लेकही माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "मी काय सांगू वं? तूच बोलून राहिली ना, बोल."

शेड हसली. त्यानंतर तिचं कोणी काही ऐकून घेतलं नाही. निधी द्यायचा नाही म्हणून हात वर करायला सांगितले तेव्हा मी मागे वळून पाहिलं, हातच हात. काय सांगू, कितीतरी वर्षांनी मला पोटभर श्वास आला.

घरी जिन्यात ती भेटली. "ताई, तुम्हाला कळलं होतं."

"हाव, कळलं होतं," मी म्हटलं. "येत नाही थे बोलावं कायले?" अजूनही मला त्यात काही चूक वाटत नाही. ती वर निघून गेली.

खोल्या झाल्या नाहीत, नववी आली नाही. सचिवांनी अलगद हात झटकले, म्हणे मॅडमनीच सभा बिघडवली. जावेनं राजीनामा दिला आणि हिंगण्याकडच्या दहावीपर्यंतच्या एका शाळेत साधी शिक्षिका म्हणून लागली. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. मी सीताबर्डीला जाऊन शाळा पाहून आले, मास्तरांशी बोलून आले, लेकीसाठी नवं दप्तरही घेतलं. ते तिच्यापुढे ठेवलं तर म्हणाली, "मी हिंगण्याले जाईन. काकूच्या शाळेत."

"काहून? सीताबर्डी काय वाईट हाय?"

"वाईट नाही. मले काकूजवळ शिकायचं हाय."

मी आकांडतांडव केलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना वं, घरचं माणूस सोबत हाय, तुले मेट्रोची दगदग नाही. अजून काय पाहिजे?" त्याला काय सांगणार होते मी?

शाळा उघडली त्या सकाळी मी फाटकाशी उभी होते. लेक काकूच्या स्कूटरवर मागे बसली, तिच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मान वळवून म्हणाली, "येते गं, आई." गं! आमच्या घरात सगळे वं म्हणतात, गं म्हणणारी एकच, वरच्या मजल्यावरची. जावेनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि हसली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.