आर्णीच्या चौकातला ग्रह

बस चौकात वळली आणि खिडकीतून मला मीच दिसले. पदवीदानाच्या टोपीतली, पानठेल्यापेक्षाही उंच. शेजारी एक भलामोठा लाल-पिवळा ठिपका, ठिपक्याकडे बाण आणि बाणाखाली ठळक अक्षरांत, ‘हाच तो ग्रह!’ फ्लेक्सच्या तळाशी शुभेच्छुक म्हणून अख्ख्या गल्लीचे फोटो. शेजारच्या काकांनी तर गॉगल लावला होता.

तो ग्रह नव्हताच हो!

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उजेडाच्या चिपवर काम करते. नखाएवढी काचेची चिप, तिच्यात उजेडाला जायला केसाहून बारीक वाटा. ताऱ्याचा उजेड दोन वाटांनी न्यायचा आणि शेवटी एकमेकांवर असा घालायचा, की एकाची लाट दुसऱ्याच्या लाटेला खाऊन टाकेल. तारा असा दिसेनासा झाला, की त्याच्या झगमगाटात बुडालेला शेजारचा ग्रह दिसेल. बेत तर असा आहे. पण आमची चिप अजून दुर्बिणीपर्यंत गेलेलीच नाही. टेबलावर लेझरचा खोटा तारा करतो आणि तोच विझवत बसतो. मेला पुरता विझतही नाही. कुठून तरी थोडा उजेड गळतोच, आणि त्या गळतीनं माझी झोप उडवली आहे. तिचाच स्क्रीनवरचा फोटो एकदा वैतागून मी बाबांना पाठवला होता, खाली काही न लिहिता. तो त्यांनी ग्रह समजून चौकात टांगला.

घरात शिरले ती चप्पल न काढताच.

“बाबा, कोणाले इचारून लावलं ते?”

बाबा पंचायत समितीतून बाबू म्हणून रिटायर झालेले, तोलूनमापून बोलणारे. “काहून वं? तुहा फोटो चांगला नाही आला का?”

“माह्या फोटोचं जाऊ द्या. तो ग्रह नाही, माह्या चिपची गळती हाये! जे दिसू नये म्हणून मी मरून राह्यली, तेच तुम्ही गावाले दाखवलं!”

आई आतून ओरडली, “आल्या आल्या काय लावलं वं? पाणी त पी आधी!”

बाबांचा चेहरा एवढासा झाला. “मंग ग्रह?”

“नाही दिसला. काय माहीत, दिसतेही का नाही.”

मला एका जागी बसवेना. ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर. कोणी तो फोटो मोबाईलवर टाकला आणि माझ्या प्रयोगशाळेत पोचला तर? न केलेल्या कामाची वाहवा घेते म्हणतील. आणि दुसरीकडे जीव तुटत होता तो वेगळाच. पोरगी काय करते, असं कोणी विचारलं की बाबा ‘संशोधन’ म्हणून गप्प बसायचे. पुढं काही सांगता यायचं नाही त्यांना. आयुष्यात पहिल्यांदा दाखवण्यासारखं काही हाती आलं होतं, आणि ते मीच उतरवायला लावत होते.

संध्याकाळी शिडी घेऊन ते स्वतःच निघाले. मी मागोमाग. पानठेल्यावरून कोणी तरी हटकलंच, “काहून उतरवून राह्यले, भाऊ?”

“ग्रह चुकीचा लागला,” बाबा शिडीवरून म्हणाले. “बदलून लावाचा हाये.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आणून त्यांनी फ्लेक्स ओल्या फडक्यानं पुसला, घडी घातली. आमच्याकडे उतरवलेला फ्लेक्स हमखास धान्याच्या ढिगावर नाही तर गळक्या टिनाच्या छपरावर जातो. आई खूशच होती. “बरं झालं. ताडपत्री फाटली हाये, सोयाबीनवर टाकाले कामी येते.”

“हे नाही टाकाचं,” बाबा म्हणाले आणि घडी माळ्यावर ठेवली. मग माझ्याकडे न बघता, “तारीख नाही टाकली म्या त्याच्यावर. ठिपका बदलता येते, फ्लेक्सवाल्याले इचारलं हाये.”

“आन् नाहीच दिसला त?”

“फ्लेक्स राहीन पडून. खायाले थोडीच मागते!”

दिवाळीची सुट्टी संपली, मी पुण्याला परतले. काही दिवसांनी दुपारी आईचा फोन आला. नुसती धुसफुस. रात्री अवकाळी पाऊस झाला होता, अंगणातलं सोयाबीन भिजलं होतं. “तुह्या बापानं अंथरुणातल्या चादरी टाकल्या त्याच्यावर. माहं नवं ब्लँकेट टाकलं. पण तो फ्लेक्स नाही काढला माळ्यावरून! सांग तूच त्यायले!”

मला रागच आला, खरं सांगते. एवढा कशाला भरवसा ठेवावा माणसानं! “दे बाबाले,” मी म्हटलं.

“तू नको आयकू तिचं,” बाबा म्हणाले. “गळती किती राह्यली ते सांग.”

“हाये अजून, बाबा.”

“मंग फोनवर काय बोलत बसली? लाग कामाले.”